मनाची काळजी घ्या म्हणता, तर ती घेता येईल अशी सोय ठेवा

सोलापूर शहर आणि जिल्ह्याच्या आरोग्याचा कारभार पाहणारे अधिकारी, आणि आमच्या मतांवर निवडून आलेले लोकप्रतिनिधी यांस,

सप्रेम नमस्कार.

आमच्या पूर्व भागातल्या एका सरकारी आरोग्य केंद्रात समुपदेशनाची खोली होती. करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर ती सुरू झाली. एक टेबल, खुर्च्या, पंखा आणि आठवड्यातल्या ठरलेल्या वारी येणाऱ्या एक ताई, एवढंच. ती खोली आता बंद झाली आहे. तिथे औषधांचे रिकामे खोके आणि मोडकी स्टुलं ठेवली आहेत. चौकशी केली तेव्हा उत्तर मिळालं, "कोविड संपला ना मॅडम, ते तेवढ्यापुरतंच होतं." उत्तर देणाऱ्या कर्मचाऱ्यावर माझा राग नाही. वरून जे सांगितलं गेलं ते त्यानं मला सांगितलं. पण वरून असं सांगितलं जावं, हे मला मान्य नाही, आणि म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनं 5 मे 2023 रोजी कोविडची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. त्याच संघटनेनं मार्च 2022 मध्ये सांगितलं होतं की साथीच्या पहिल्याच वर्षात जगभरात चिंता आणि नैराश्याचं प्रमाण सुमारे 25 टक्क्यांनी वाढलं. आणीबाणी संपल्याची घोषणा झाली म्हणून ही माणसं बरी झाली नाहीत. त्यातली कितीतरी आमच्या पेठांमध्ये, विडी घरकुलात, कुंभारीच्या वसाहतींमध्ये राहतात. त्यातल्या एक माझ्या सासूबाई आहेत. त्यांना विचारूनच लिहिते आहे. "लिही, पण नाव नको," म्हणाल्या.

माझे सासरे यंत्रमागावर कामाला होते. एप्रिल 2021 मध्ये त्यांना धाप लागली. बेड मिळेपर्यंत संध्याकाळ झाली. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये चढताना त्यांनी सासूबाईंना हातानं खुणावलं, आत जा, उन्हात उभी राहू नको. त्यानंतर सासूबाईंनी त्यांना पाहिलं नाही. रुग्णालयाचं नाव मी लिहिणार नाही. त्या दिवसांत बहुतेक ठिकाणी हेच चाललं होतं आणि तिथली माणसंही जिवावर उदार होऊन राबत होती. आम्ही दिवसभर फोन लावायचो. कधी कुणी उचलला तर "पेशंट स्टेबल आहे" एवढं कळायचं. मग एका पहाटे दिरांच्या मोबाइलवर फोन आला. मुखदर्शन नाही, खांदा नाही. दहाव्याला घरातली चार माणसं. शेजारच्या बायका दारापाशी आल्या, लांबूनच हात जोडून गेल्या.

सासूबाई रडल्या नाहीत. सगळे म्हणाले, किती खंबीर आहेत.

त्यांचा आजार आम्हाला कळला तो विड्यांमधून. लग्न होऊन आल्यापासून त्या विड्या वळतात. मांडीवर सूप, भिजवलेलं तेंदूचं पान, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू, बोटांचा एक वळसा, तोंड दुमडायचं आणि दोरा. बोलता बोलता, टीव्ही बघता बघता, डोळे मिटूनही त्यांचे हात चालायचे. लॉकडाऊन उठून काम नियमित मिळायला लागलं आणि चेकर त्यांच्या विड्या बाजूला काढायला लागला. ढिल्या, कुठे तोंड उघडं, कुठे दोरा सुटलेला. आम्हाला वाटलं वय झालं. डोळे तपासले, चष्मा बदलला, तरी तेच. नीट लक्ष दिल्यावर कळलं की त्या रात्री झोपतच नाहीत. पहाटे तीनला उठून दाराशी बसतात. ताटातला भात तसाच परत जातो. एके दुपारी मला सहज म्हणाल्या, "मी असून आता कुणाचं काय अडलंय?"

त्या वाक्यानंतर मी त्यांना त्या खोलीत नेलं.

तिथल्या ताई मनापासून काम करणाऱ्या होत्या. पण त्यांना तेलुगू येत नव्हतं. सासूबाईंचं मराठी बाजारहाट करण्याइतपत. चाळीस वर्षांचा संसार गेल्याचं दुःख त्या मराठीत कसं सांगणार? मग मी मध्ये बसून सांगू लागले. आता सुनेच्या तोंडून सासूनं काय काय बोलायचं? पैशांबद्दल, मुलांबद्दल, माझ्याबद्दल, रात्री मनात जे येतं त्याबद्दल? त्या गप्प बसून राहिल्या. शेवटी तिथल्या एका परिचारिकेनं, त्या आमच्याच भागातल्या, मला बाहेर जायला सांगितलं आणि स्वतः आत बसल्या. ते काही त्यांचं काम नव्हतं. बराच वेळ दार बंद होतं. मग आतून सासूबाईंच्या रडण्याचा आवाज आला, मोठ्यानं, माणूस गेल्यावर घरात रडतात तसा. तिथून त्यांना सिव्हिलच्या मानसोपचार विभागात पाठवलं, गोळ्या सुरू झाल्या, दर आठवड्याला त्या खोलीत बोलणं सुरू राहिलं. वर्षश्राद्धाला आम्ही सगळ्या नातेवाइकांना बोलावलं, जे दहाव्याला येऊ शकले नव्हते त्यांना मुद्दाम. आज त्यांच्या विड्या परत येत नाहीत. झोप लागते.

त्या बऱ्या झाल्या, कारण चालत जाता येईल इतक्या अंतरावर एक खोली होती आणि त्यांची भाषा जाणणारी एक बाई तिथे योगायोगानं होती. योगायोगावर सोडण्याइतकी ही बाब लहान नाही. म्हणून माझ्या तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली तक्रार अशी की साथीच्या काळात मनाची सगळी जबाबदारी तुम्ही ज्याच्या त्याच्या घरावर टाकलीत. सकारात्मक राहा, दिनक्रम ठेवा, बातम्या कमी पाहा, प्राणायाम करा, घरच्यांशी बोला. सल्ला चुकीचा नव्हता. त्यातलं बरंचसं खरंच उपयोगी आहे. पण एका खोलीच्या घरात सात माणसं, वर पत्रा, बाहेर सोलापूरचा एप्रिल-मेचा 42 अंशांपुढचा पारा, आणि माग बंद, विडीचं काम बंद. अशा घरातल्या माणसानं स्वतःसाठी वेळ आणि कोपरा कुठून काढायचा? नवरा घरात बसून, मुलं घरात बसून, आणि बाईला एकटीला डोळे पुसायलाही आडोसा नाही. मनाची काळजी घ्यायला आधी थोडी जागा लागते, आठवड्याची मजुरी लागते, आणि उद्या काय होणार याची थोडी तरी माहिती लागते. या तिन्ही गोष्टींबद्दल साथीच्या योजनेत काहीतरी असायला हवं होतं. निदान माहिती तरी देता आली असती. रुग्णालयातून दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, घरच्यांना फोन. एवढ्यानं किती घरांची रात्र सुसह्य झाली असती, याचा विचार करून पाहा.

दुसरी तक्रार भीतीची. 12 एप्रिल 2020 ला शहरात पहिल्या रुग्णाची बातमी आली, तीच मृत्यूची. त्या दिवसापासून पेठांची नावं भीतीनं घेतली जाऊ लागली. गल्लीच्या तोंडाला बांबू आणि पत्रे ठोकले गेले. संसर्ग रोखायला काही निर्बंध हवेच होते, मी ते नाकारत नाही. पण पत्र्याच्या आतल्या माणसांशी बोलायला कोण आलं? पुढे बंदोबस्त निघाला तरी "तुम्ही त्या पेठेतल्या का?" हा प्रश्न निघाला नाही. धुणीभांडी करणाऱ्या बायकांना त्या पत्त्यामुळे कामावर घेतलं नाही. लक्षणं असूनही लोक तपासणीला जात नव्हते, कारण घराला फलक लागेल, पोरीचं ठरलेलं लग्न मोडेल, ही धास्ती. लाज वाटली की माणूस आजार लपवतो, आणि लपवलेल्या आजारानं माणसं उशिरा दवाखान्यात पोचली. म्हणजे मनाकडे केलेलं दुर्लक्ष शेवटी साथ वाढवायलाच कारण झालं.

तिसरी गोष्ट तक्रारीपेक्षा व्यथा म्हणा. आपल्या जिल्ह्याला मन सावरायची स्वतःची रीत आहे. आषाढीला पंढरपूरला चालत जाणारा माणूस फक्त देवाला भेटायला जात नाही. वर्षभराचं साचलेलं तो वाटेत बोलून टाकतो, पावली खेळतो, अनोळखी माणसाच्या पाया पडतो. 2020 आणि 2021 या दोन्ही वर्षी संतांच्या पादुका एसटीनं पंढरपूरला आल्या. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेवर निर्बंध आले, नारळी पौर्णिमेला निघणारा आमचा मार्कंडेय रथोत्सव नेहमीसारखा झाला नाही, ईदची नमाज घरात झाली. हे सगळं आम्ही सोसलं, कारण ते आवश्यक होतं. सोलापूरकरांनी शिस्त पाळली. पण एवढा मोठा आधार काढून घेताना त्याच्या जागी दुसरा काही आधार द्यावा, हे कुणाच्याही मनात आलं नाही. आणि साथ ओसरल्यावर उत्सव परत सुरू झाले, मिरवणुका निघाल्या, तरी जे गेले त्यांच्यासाठी शहरानं एकत्र बसून शोक केला नाही. ज्यांनी आपल्या माणसाचा चेहरा पाहिला नाही, खांदा दिला नाही, त्यांचं दुःख अर्धवट अडकून राहतं. आमच्या घरात वर्षश्राद्धाला माणसं जमली तेव्हा ते कसं सुटत गेलं, हे मी पाहिलं आहे. हुतात्मा स्मृती मंदिरात एक शोकसभा घ्यायला फार मोठा निधी लागला नसता.

चौथी तक्रार पैशाची, आणि ती मनाच्या तक्रारीपासून वेगळी काढता येत नाही. रिझर्व्ह बँकेनं मार्च ते ऑगस्ट 2020 या काळात कर्जाचे हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली होती. पण ही मुभा आहे, ती कशी मागायची, व्याज चालू राहतं का, हे गटातून कर्ज घेतलेल्या विडी कामगार बाईला समजावून कुणी सांगितलं? आमच्या ओळीतल्या बायका वसुलीवाल्याची गाडी आली की कडी लावून आत बसायच्या. अशा बाईला "ताण घेऊ नका" म्हणणं पुरेसं नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2021 च्या अहवालात देशात 1,64,033 आत्महत्यांची नोंद आहे. त्यात सगळ्यात मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा, 22,207. आणि व्यवसायाप्रमाणे पाहिलं तर सगळ्यात मोठा गट रोजंदारीवर जगणाऱ्यांचा, जवळपास चारातला एक. सोलापूर हे रोजंदारीवर जगणारं शहर आहे. गिरण्यांचे भोंगे थांबले तेव्हापासून इथे माग, विडी, शिलाई, हमाली, बांधकाम यांवरच बहुतेक घरं चालतात. हा आकडा आपल्या शहराबद्दलही बोलतो आहे, असं समजूनच वाचावा.

दारूबद्दलही लिहायला हवं, कारण यावर घराघरांत गप्प बसलं जातं. मार्च 2020 मध्ये दुकानं एका दिवसात बंद झाली. रोज पिणाऱ्याची दारू अशी एकदम तुटली की हात थरथरतात, भास होतात, फिटही येऊ शकते. हा वैद्यकीय प्रश्न आहे आणि त्यावर औषध आहे. हे घरच्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी मांत्रिक शोधले, नाहीतर चोरून हातभट्टी आणून दिली.

पाचवी तक्रार संधी वाया घालवल्याची. 15 सप्टेंबर 2020 ला राज्यात "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" मोहीम सुरू झाली. पथकं घरोघरी फिरली, ताप मोजला, ऑक्सिजन मोजला, मधुमेह आहे का, रक्तदाब आहे का, विचारलं. आमच्याही दारात आशाताई आल्या होत्या, उन्हानं चेहरा लाल झालेला, घाम मास्कमधून गळत होता. त्याच फेरीत आणखी दोन प्रश्न विचारता आले असते. गेल्या दोन आठवड्यांत कामात, कशातच रस वाटेनासा झालाय का? उदास, निराश, आशा संपल्यासारखं वाटतं का? नैराश्याची पहिली चाळणी म्हणून हेच दोन प्रश्न जगभर वापरले जातात. त्यावरून आजार ठरत नाही, पण कुणाला पुढे पाठवायचं ते कळतं. विचारायला दोन मिनिटं लागतात. पुढे सासरे गेल्यावर माझ्या सासूबाईंना कुणी हे विचारलं असतं, त्यांच्या भाषेत, तर विड्या बिघडेपर्यंत थांबावं लागलं नसतं.

आणि हो, त्या आशाताईंना कुणी विचारलं का, हाही प्रश्न आहे. जून 2021 मध्ये राज्यातल्या आशांना मानधनासाठी संप करावा लागला होता. परिचारिका, सफाई कामगार, स्मशानभूमीत रात्रंदिवस चिता रचणारे हात, यांनी जे पाहिलं ते त्यांनी कुठे ठेवलं असेल? टाळ्या वाजल्या, फुलं उधळली गेली. पुढे त्यांच्याशी बसून बोलणारं कुणी नेमलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही.

सहावी तक्रार मुलांची. मी शिक्षिका आहे, म्हणून हे रोज बघते. मार्च 2020 मध्ये बंद झालेल्या शाळा राज्यात मोठ्या प्रमाणावर उघडल्या त्या ऑक्टोबर 2021 मध्ये. ज्या घरात एकच मोबाइल आणि तोही वडिलांबरोबर बाहेर जाणारा, त्या घरातल्या मुलांची दीड वर्षं गेली. अक्षरं मागे पडली त्यावर उपचारात्मक वर्ग झाले. पण वर्गात एकदम रडायला लागणारी, आई थोडा वेळ दिसली नाही की घाबरणारी, पोटात दुखतं म्हणून रोज घरी जायला मागणारी मुलं, यांचं काय करायचं हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. दोन्ही पालक गेलेल्या मुलांच्या नावे सरकारनं पाच लाखांची ठेव ठेवली, ते योग्यच केलं. त्या मुलाच्या शेजारी बसायला मात्र माणूस दिला नाही.

आता भाषेबद्दल, कारण इतर सगळ्या तक्रारी राज्यभरातल्या असतील, ही खास सोलापूरची आहे. या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषा रोज रस्त्यावर ऐकू येतात. दुकानदार चारही बोलतो, रिक्षावाला चारही बोलतो. मग आरोग्याची सूचना एकाच भाषेत का येते? तापाची गोळी कुठल्याही भाषेत दिली तरी लागू पडते. मनाच्या उपचारात बोलणं हाच अर्धा उपचार असतो, आणि दुःख माणूस ज्या भाषेत लहानपणी रडला त्याच भाषेत सांगतो. फोनवरून मनाच्या त्रासावर मदत देणारी केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून आहे, 14416 हा तिचा नंबर, फुकट आहे, चोवीस तास आहे, तेलुगू, कन्नड, उर्दूसह अनेक भाषांत बोलता येतं. इतकी चांगली सोय असून आमच्या भागात तो नंबर मी कुठल्याही भिंतीवर पाहिलेला नाही. विडीच्या ब्रँचमध्ये, यंत्रमागाच्या दारावर, रेशन दुकानात, मंदिर-मशिदीच्या फलकावर तो चार भाषांत लागला तर किती जणांपर्यंत पोचेल!

हे सगळं मी मेहेरबानी म्हणून मागत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चं कलम 18 प्रत्येकाला सरकारी व्यवस्थेतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क देतं. कलम 115 सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावात होती असं मानावं आणि तिला शिक्षेऐवजी उपचार व आधार द्यावा. आणि हे खेड्यापाड्यात, छोट्या केंद्रात करता येतं का, अशी शंका असेल, तर शेजारच्या कर्नाटकातल्या बळ्ळारीकडे बघा, ते काही परदेशात नाही. 1980 च्या दशकात बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेनं तिथे प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या नेहमीच्या डॉक्टरांना आणि कर्मचाऱ्यांना शिकवून मानसिक आजारांवर गावपातळीवर उपचार करून दाखवले. त्याच धर्तीवर 1996 मध्ये देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला. म्हणजे योजना आहे, कायदा आहे, पद्धतही तपासून झालेली आहे. निम्हान्सनंच 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसलं की मानसिक आजार असलेल्या बहुसंख्य लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. हे साथीच्या आधीचं चित्र आहे. आमची खोली बंद करून त्या न पोचलेल्यांत भर पडली.

तेव्हा आमच्या मागण्या स्पष्ट शब्दांत.

बंद केलेली समुपदेशनाची खोली पुन्हा उघडा, आणि अशी खोली शहरातल्या प्रत्येक नागरी आरोग्य केंद्रात व जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ठेवा. वार आणि वेळ बाहेर लिहा. मोहिमेपुरती नको, कायमची हवी. कुंभारीहून सिव्हिलला येण्यात एका बाईचा अर्ध्या दिवसाचा रोज बुडतो. गोळ्या संपल्या तर निदान त्या तरी जवळच्या केंद्रात मिळाव्यात.

समुपदेशक नेमताना भागाची भाषा बघा. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या गावांत कन्नड, जिथे उर्दू बोलणारी वस्ती जास्त तिथे उर्दू. भाषा येणारे प्रशिक्षित समुपदेशक मिळेपर्यंत त्या त्या भागातल्या परिचारिकांना प्रशिक्षण द्या आणि त्या कामाचा मोबदला द्या. घरच्या माणसाला दुभाषा बनवू नका.

आशा आणि अंगणवाडी ताईंना मानसिक प्रथमोपचार शिकवा. त्रासात असलेल्याला ओळखायचं, न तोडता ऐकून घ्यायचं, योग्य ठिकाणी जोडून द्यायचं, एवढंच त्यात असतं. ते दोन प्रश्न त्यांच्या नेहमीच्या भेटीत घाला. त्यासाठी वेगळं मानधन ठरवा, फुकटात आणखी एक काम त्यांच्या डोक्यावर टाकू नका. आणि त्यांच्यासाठी, परिचारिकांसाठी, सफाई आणि स्मशानभूमीतल्या कामगारांसाठी वरिष्ठांना न कळवता बोलता येईल अशी सोय करा.

पुढच्या साथीची जी योजना तुम्ही कागदावर ठेवली असेल, त्यात मनाचं प्रकरण लिहा. दाखल रुग्णाची खबर रोज ठरलेल्या वेळी घरी जाईल. रुग्णाशी व्हिडिओवर बोलता येईल. कुणी गेलंच, तर सुरक्षित अंतरावरून का होईना, चेहरा दाखवला जाईल. रुग्णाचं नाव-पत्ता चावडीवर येणार नाही. बंद केलेल्या गल्लीत धान्याच्या गाडीबरोबर बोलणारं माणूसही जाईल. कर्जाच्या सवलतीची माहिती दारात जाऊन सांगितली जाईल. दारू सुटल्यावर होणाऱ्या त्रासासाठी औषध कुठे मिळेल ते जाहीर होईल. हे आत्ता ठरलं तरच तेव्हा होईल.

शाळांच्या प्रत्येक केंद्रासाठी एक समुपदेशक द्या, आणि आम्हा शिक्षकांना घाबरलेल्या मुलाशी कसं वागायचं याचं खरं प्रशिक्षण द्या.

आणि एक शोकसभा. उशीर झाला असला तरी घ्या. प्रत्येक प्रभागात, नाहीतर शहरासाठी एक. कुणाचं भाषण नको. ज्यांना आपल्या माणसाचं नाव घ्यायचं आहे त्यांना घेऊ द्या.

हे पत्र वाचणाऱ्या माझ्या सोलापूरकरांनाही थोडं सांगायचं आहे, कारण सरकार हलेपर्यंत आपण हातावर हात ठेवून बसू शकत नाही. घरात कुणाची झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, हातातलं सवयीचं काम बिघडायला लागलं असेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर "विचार करू नको" म्हणून विषय संपवू नका. शेजारी बसा, विचारा. मरणाचे विचार येतात का, हेही सरळ विचारा. विचारल्यामुळे ते विचार मनात शिरत नाहीत, उलट ज्याला येत असतात त्याला बोलायला वाट मिळते. अशा माणसाला एकटं सोडू नका, 14416 लावा, सिव्हिलला घेऊन जा. मनाच्या गोळ्या घेणं म्हणजे वेड लागणं नव्हे, आणि डॉक्टरांना न विचारता त्या बंदही करू नका. स्वतःबद्दल बोलायचं तर उठायची वेळ सांभाळा, बातम्या दिवसातून एकदा-दोनदा पुरे, आणि ज्याच्याजवळ मन मोकळं करता येईल असं एक माणूस धरून ठेवा. आमच्या ओळीतल्या बायका आता दुपारी एकाच ओट्यावर सुपं घेऊन बसतात. सासूबाई त्यात असतात. कुणी एक दिवस आली नाही तर दुसरी तिच्या घरी जाऊन बघते.

अधिकारी आणि लोकप्रतिनिधींनो, या पत्राला उत्तर द्या. खोली कधी उघडणार, कोण बसणार, कुठल्या भाषेत बोलणार, यंदाच्या अंदाजपत्रकात त्यासाठी किती रक्कम ठेवली, हे चार मुद्दे त्यात असावेत. उत्तर मला पाठवलं नाही तरी चालेल. ते आरोग्य केंद्राच्या दारावर लावा, मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये आणि उर्दूत.

आपली,
सोलापूरच्या पूर्व भागातली एक शिक्षिका